हुशार असूनही वाचता न येणारे मूल : डिस्लेक्सियाची लक्षणे व कारणे

इयत्ता तिसरीच्या वर्गात धड्याचे प्रकट वाचन चालू असते. एकामागून एक मुले उठून दोन-दोन वाक्ये वाचतात. एका मुलाची पाळी जवळ येऊ लागते तसतसा तो अस्वस्थ होतो. कधी पाणी पिण्यास जाण्याची परवानगी मागतो, कधी पेन्सिल खाली पाडून ती शोधण्यात वेळ काढतो. पाळी आलीच तर पुस्तकातील चित्राकडे पाहून, शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेले वाक्य तो जसेच्या तसे म्हणून दाखवितो; परंतु शिक्षकांनी त्या वाक्यातील एका शब्दावर बोट ठेवले की तोच शब्द त्यास ओळखता येत नाही. ‘बदक’चे तो ‘बकद’ करतो, ‘रस्ता’चे ‘रसता’ करतो. हाच मुलगा मधल्या सुट्टीत खेळाचे डाव मांडतो, वाण्याच्या दुकानातील हिशेब तोंडी करतो आणि लासलगावच्या बाजारात कांद्याला काय भाव फुटला हे वडिलांइतक्याच अचूकपणे सांगतो. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मात्र दरवर्षी एकच शेरा पडतो : ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे.’

अशा मुलास आपल्याकडे एका अक्षरात निकालात काढण्याची जुनी रीत आहे. त्यास ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत इतर अक्षरांची वळणे बदलत गेली, ‘ढ’ तेवढा जवळजवळ आहे तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या विद्यार्थ्यास हे नाव पडले अशी त्याची उपपत्ती सांगतात. उपपत्ती मौजेची असली तरी तिने त्या मुलाचे काही भले होत नाही. वर्गात त्याचे नाव एकदा पडले की पुढील चार-पाच वर्षे कोणीही शिक्षक त्याच्याकडे नव्या नजरेने पाहत नाही, आणि मूलही हळूहळू तेच आपले खरे नाव मानू लागते.

वाचनात मागे राहणाऱ्या प्रत्येक मुलाचे कारण एक नसते. तथापि त्यांपैकी काही मुलांच्या अडचणीस शास्त्रात ‘डिस्लेक्सिया’ अशी संज्ञा आहे. ऐकू व दिसू चांगले येते, बुद्धी इतर मुलांसारखी आहे, शाळेत नियमित येणे आहे, शिकविण्यात कसूर नाही. आणि तरीही शब्द अचूकपणे व पुरेशा वेगाने वाचता येत नाहीत, शुद्धलेखनही तसेच कच्चे राहते, अशा स्थितीस हे नाव देतात. मराठीत तिला वाचन-अक्षमता म्हणतात. कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असा व्यापक शब्द योजिला असून त्याच्या पोटात वाचनाबरोबर लेखन व गणन यांतील तशाच अडचणीही येतात. जगात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्यांतून सर्वसाधारणपणे शंभरांत पाच ते दहा मुलांस ही अडचण कमीअधिक प्रमाणात असल्याचे मानले जाते. म्हणजे तीस-चाळीस मुलांच्या वर्गात असे दोन-तीन विद्यार्थी असणे अगदी शक्य आहे.

या अडचणीची ओळख वैद्यांना पटून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. स्टुटगार्ट येथील नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी सन १८८७ मध्ये मेंदूच्या विकाराने वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढ रुग्णांच्या संदर्भात ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द वापरला. पुढे १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा चलाख होता, खेळात कोणाच्या मागे नव्हता, आकडेमोड त्यास येत होती. परंतु वर्षानुवर्षे शिकवूनही त्यास वाचता येत नव्हते, आणि स्वतःचे नाव लिहितानादेखील त्यातील अक्षरांची अदलाबदल होई. शाळेतील शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा अभिप्राय त्यास शिकविणाऱ्या शिक्षकाने दिला होता. त्या शिक्षकाची नजर वाखाणण्याजोगी म्हटली पाहिजे.

वाचन ही निसर्गदत्त शक्ती नव्हे

बोलणे मुलास कोणी शिकवीत नाही. आईच्या मांडीवर ऐकता ऐकता ते बोलू लागते. वाचनाचे तसे नाही. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत सातवाहनांच्या काळचे जे शिलालेख कोरलेले आहेत ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. जगातील अत्यंत प्राचीन लेखनही पाच-साडेपाच हजार वर्षांपलीकडे जात नाही. मनुष्यजात त्यापूर्वी कितीतरी सहस्रके बोलत होती, परंतु वाचीत नव्हती. यास्तव मेंदूत वाचनासाठी वेगळा असा जन्मजात अवयव नाही. प्रत्येक मुलास पाहण्याची, ऐकण्याची व बोलण्याची केंद्रे एकमेकांशी नव्याने जोडून घ्यावी लागतात. डोळ्यांनी पाहिलेल्या ‘क’ या आकृतीची कानांनी ऐकलेल्या ध्वनीशी सांगड घालणे, आणि ती इतकी पक्की होणे की तिचा विचारही करावा लागू नये, हेच वाचन शिकणे होय. बहुसंख्य मुलांच्या मेंदूत, मुख्यतः डाव्या बाजूस, ही वाट सरावाने रुळते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलात ती रुळण्यास फार वेळ लागतो. वाचन चालू असताना मेंदूची चित्रे घेण्याची साधने उपलब्ध झाल्यापासून डाव्या बाजूच्या त्या भागांचे कार्य या व्यक्तींत मंद असते हे प्रत्यक्ष दिसून आले आहे. सन २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच व इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांची अशी तुलना प्रसिद्ध झाली. लिपीचे नियम तिन्ही भाषांत निराळे, तरी मेंदूतील उणीव एकाच ठिकाणी आढळली.

उणिवेचे मूळ बहुधा ध्वनीत असते, डोळ्यांत नव्हे. ‘कमळ’ हा शब्द ‘क’, ‘म’, ‘ळ’ अशा तुकड्यांचा बनलेला आहे आणि त्यातील ‘क’ काढला तर ‘मळ’ उरतो, हे सर्वसाधारण मुलास पहिली-दुसरीत सहज उमगते. या मुलास तोच शब्द एखाद्या अखंड दगडासारखा वाटतो. त्याचे तुकडे त्याच्या मनात सुटे होत नाहीत. आपल्याकडील भेंड्यांचा खेळ या दृष्टीने मोठा उपयुक्त आहे. त्यात शेवटचे अक्षर पकडून नव्या शब्दाची वा गाण्याची सुरुवात करावयाची असते. गाणी पुष्कळ पाठ असूनही ज्या मुलास भेंडी चढविताना अक्षरच पकडता येत नाही, त्याच्याकडे शिक्षकांनी थोडे अधिक लक्ष द्यावे. पुस्तक न उघडताही येथे पहिली खूण मिळू शकते.

ही प्रवृत्ती घराण्यात चालत येते. आई किंवा वडील यांपैकी एकास ही अडचण असल्यास मुलास ती असण्याचा संभव बराच वाढतो. सन २०२२ मध्ये पन्नास हजारांहून अधिक डिस्लेक्सियाग्रस्त व्यक्तींच्या आनुवंशिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत या अडचणीशी संबंध असलेली ४२ स्थाने नोंदविली गेली. कोणतेही एक बीज याचे कारण नसून पुष्कळांचा थोडाथोडा वाटा असतो, असा त्याचा अर्थ. पालक सभेस आलेला एखादा बाप जेव्हा म्हणतो, ‘गुरुजी, मलाही शाळेत असंच व्हायचं, म्हणून चौथीतून सुटलो,’ तेव्हा ते वाक्य सोडून देण्याजोगे नसते. आईने लाड केले, मोबाईल हाती दिला, गर्भारपणी अमुक खाल्ले, या गोष्टींनी डिस्लेक्सिया होत नाही. याबद्दल मातेस दोष देण्याची जी सवय दिसते ती सर्वथा निराधार आहे.

मराठी वाचताना दिसणारी लक्षणे

या विषयावरील पुष्कळशी पुस्तके इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना समोर ठेवून लिहिलेली असतात. त्यांतील लक्षणे जशीच्या तशी आपल्या वर्गात शोधू गेल्यास फसगत होते. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, त्यामुळे तेथे मूल शब्द चुकीचा वाचते. मराठीत अक्षर व उच्चार यांचा मेळ पुष्कळ अंशी नेमका आहे. (‘चार’ व ‘चाक’ यांतील ‘च’ निराळे असून लिहिण्यात एकच, असे अपवाद आहेत, पण ते मोजके.) परिणाम असा होतो की डिस्लेक्सिया असलेले मराठी मूल तिसरी-चौथीपर्यंत धडपडून अक्षरे लावावयास शिकते आणि अखेरीस शब्द बरोबरही वाचते, परंतु इतके सावकाश वाचते की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरलेला असतो. ‘बरोबर वाचतो, पण हळू आहे’ असे म्हणून शिक्षक पुढे जातात. आपल्या भाषेत ही मंद गतीच पुष्कळदा मुख्य लक्षण असते. मग पाचवीत इंग्रजीचा भार वाढला की तेच मूल एकाएकी कोसळल्यासारखे दिसते. वस्तुतः ते एकाएकी कोसळलेले नसते.

देवनागरीची काही वळणे या मुलांना विशेष जड जातात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारताना ‘इ’ नंतर येते. डोळ्यांचा क्रम व जिभेचा क्रम येथे उलट आहे. प्रौढ वाचकांसही अशा शब्दांना किंचित अधिक वेळ लागतो, हे हिंदी वाचकांवरील प्रयोगांत दिसले आहे. मग या मुलाचे काय होत असेल याची कल्पना यावी. रफाराचेही तेच. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांत तीच अक्षरे, ‘र’ तेवढा कोठे बसला यावर अर्थ ठरतो. डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थी चौथी-पाचवीतही या दोहोंत गोंधळतो, ‘सूर्य’ लिहिताना रफार भलत्याच अक्षरावर चढवितो. जोडाक्षरे तो फोडून लिहितो किंवा त्यांतील एक व्यंजन गाळतो. काना-मात्रा सुटणे हे त्याचे नित्याचे. घ-ध, भ-म, प-ष, ब-व, ट-ठ-ढ या सारख्या दिसणाऱ्या किंवा सारख्या ऐकू येणाऱ्या जोड्यांत त्याची चूक पहिलीपुरती राहत नाही, ती वर्षानुवर्षे टिकते. एकाच पानावर एकच शब्द तो तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहितो. ही खूण बरीच बोलकी आहे.

उलट काही चुका अशा आहेत की ज्यांचा अर्थ शिक्षकांनी भलता लावू नये. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सर्व मुले करतात, मोठी माणसेही करतात, कारण बोलण्यात तो भेद आपण फारसा पाळीत नाही. एखादे अक्षर आरशातल्यासारखे उलटे लिहिणे हे सहा-सात वर्षे वयापर्यंत अगदी स्वाभाविक आहे. २५ ऐवजी ५२ लिहिणेही लहान वयात साहजिक होय, कारण मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो व लिहिताना दोन आधी लिहितो. याच अडचणीवरून २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन जोडीस देण्यात आले होते आणि त्यावर राज्यभर मोठा वाद झाला. वादाचा निकाल काहीही असो, अडचण खरी आहे हे त्या निमित्ताने सर्वांच्या ध्यानी आले. मात्र तिसरी-चौथीनंतरही असे उलटेपण नित्य दिसत असेल तर ते नोंदवून ठेवावे.

वाचनाबाहेरही काही खुणा असतात. वारांचा वा महिन्यांचा क्रम पाठ होत नाही, पाढे आज येतात व उद्या विसरतात, डावे-उजवे कळण्यास विलंब लागतो, ओळखीच्या वस्तूचे नाव वेळेवर आठवत नाही, फळ्यावरचे उतरवून घेण्यास इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. काही मुलांत याबरोबर चित्ताची अस्थिरताही असते. ही मुले खोडकर म्हणून तरी नजरेस येतात. मुली बहुधा मागच्या रांगेत शांत बसतात, सुवाच्य अक्षरात चुकीचे उतरवून घेतात आणि कोणाच्याच यादीत येत नाहीत. शिक्षकांनी तपासणीसाठी सुचविलेल्या मुलांत मुलग्यांची संख्या फार अधिक असते, परंतु सर्वच मुलांची तपासणी केली असता मुलगे व मुली यांतील हे अंतर पुष्कळ कमी होते.

नाशिक जिल्ह्यातील विशेष परिस्थिती

आपल्या जिल्ह्यात या विषयाला एक वेगळे अंग आहे. मालेगाव, बागलाण, देवळा, कळवण या बाजूस घरात अहिराणी बोलली जाते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी येथील पाड्यांवर कोकणी, डांगी, वारली, भिल्ल या समाजांच्या बोली आहेत. अहिराणी बोलणारे मूल ‘डोळा’ या शब्दाऐवजी ‘डोया’ व ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिते तेव्हा ते जसे बोलते तसेच इमानाने लिहीत असते. ध्वनी व अक्षर यांची सांगड त्याने घातली आहे याचाच तो पुरावा होय! त्यास डिस्लेक्सिया म्हणणे हे अज्ञान ठरेल. तसेच द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर किंवा ऊसतोडीस आईबापांबरोबर जाणारे मूल वर्षातील काही महिने शाळेबाहेर असते. त्याचे वाचन मागे पडते ते शिकण्याची संधी न मिळाल्यामुळे. यावर उपाय निराळे आहेत.

मग भेद ओळखावा कसा? याची एक साधी रीत शिक्षकांस स्वतः करता येण्याजोगी आहे. मुलास त्याच्या घरच्या बोलीत एखादी गोष्ट सांगावी व तिच्यावर प्रश्न विचारावेत. गोष्ट त्यास नीट समजली, उत्तरे चटकन व समर्पक आली, म्हणजे समजशक्ती शाबूत आहे. त्यानंतर त्याच्या बोलीतल्याच शब्दांचे तुकडे पाडावयास सांगावेत, पहिला ध्वनी कोणता, शेवटचा कोणता, एक काढला तर काय उरते हे विचारावे. बोलीतील शब्दही जर सुटे होत नसतील, आणि दोन-तीन महिने नियमित शिकवूनही त्याच्यासारख्याच परिस्थितीतून आलेल्या इतर मुलांच्या मानाने त्याची प्रगती अगदी थोडी असेल, तर मात्र शंका घेण्यास जागा आहे. तत्पूर्वी डोळे व कान तपासून घेणे अवश्य. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत येते, तेव्हा अशा मुलांची नावे त्यांच्यापुढे ठेवावीत. सन २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात अध्ययनविषयक अडचणींचाही समावेश आहे, ही गोष्ट पुष्कळ शाळांस माहीत नसते.

प्राथमिक चाचणीसाठी आता मराठीतही साधन उपलब्ध आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाने भारतीय भाषांसाठी चाचण्या तयार केल्या व २०१५ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठी आहे. पहिली-दुसरीसाठी एक व तिसरी ते पाचवीसाठी दुसरी अशा तक्त्यांत वर्गशिक्षकाने आपल्या निरीक्षणावरून खुणा करावयाच्या असतात. या खुणा म्हणजे निदान नव्हे. निदान करण्याचा अधिकार तज्ज्ञांचा असून शिक्षकाने पालकास ‘तुमच्या मुलास अमुक आजार आहे’ असे कदापि सांगू नये. डिस्लेक्सिया हा आजारच नव्हे आणि त्यावर गोळी नाही, रंगीत काचांचा चष्माही नाही. या नावाखाली महागडे इलाज विकणाऱ्यांपासून शहरातील पालकांनी सावध राहणे बरे.

कायदा व सवलती

अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने पुढाकार घेतला ही गोष्ट अभिमानाची आहे. राज्य शासनाने १९९६ मध्ये या सवलती अधिकृतपणे मान्य केल्या. लेखी परीक्षेस अधिक वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, असे त्यांचे स्वरूप होते. पुढे त्यांत वेळोवेळी फेरबदल होत आले. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांतून तपासणीचे काम होऊ लागले. प्रारंभीची पुष्कळ वर्षे या सवलतींचा लाभ मुख्यतः मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांतील मुलांनाच मिळाला, हे मान्य केले पाहिजे. सन २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने हा विषय घरोघर पोहोचविला. त्यातील अक्षरे नाचतात असे दृश्य लोकांच्या इतके मनात बसले की ‘तुला अक्षरे हलताना दिसतात का?’ असे काही शिक्षक मुलांना विचारू लागले. बहुतेक मुलांना अक्षरे स्थिरच दिसतात. त्यांचा ध्वनी आठवत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. शाळांसंबंधीच्या त्याच्या सोळाव्या कलमाने अशी अक्षमता मुलांत लवकरात लवकर हुडकून काढून योग्य त्या शैक्षणिक उपाययोजना करण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घातले आहे. जिल्हा परिषदेची एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळाही त्यातून सुटत नाही. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक चाचणी इयत्ता तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी करावी असे म्हटले होते. आपल्या राज्यात २०२३ च्या नियमांनुसार पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा घेण्याचे ठरले. तिसरीत ओळख पटली नाही तर हे मूल पाचवीच्या त्या परीक्षेस काहीच साहाय्य न घेता बसते. मग नापास होणे, शाळा सुटणे आणि गुरे वळणे किंवा बागेत मजुरीस जाणे हा क्रम खेड्यात फार लवकर पुरा होतो.

वर्गात काय करता येईल

मदतीची मूळ तत्त्वे सोपी आहेत. ती अमलात आणण्यास चिकाटी लागते. अशा मुलास रोज वीस ते तीस मिनिटे वेगळी मिळाली पाहिजेत. आठवड्यातून एकदा दोन तास बसविण्यापेक्षा हे अधिक हितकर. प्रथम केवळ कानाचे काम घ्यावे. शब्दातील अक्षरागणिक टाळी, यमके, अक्षर काढणे-घालणे. नंतर एका वेळी एक-दोन अक्षरे. पाहणे, उच्चारणे, बोटाने वाळूत किंवा पाटीवर गिरविणे ही तिन्ही एकदम चालावीत, म्हणजे डोळा, कान व हात एकमेकांस आधार देतात. सारखी दिसणारी अक्षरे लागोपाठ शिकवू नयेत; ‘घ’ पक्का झाल्यावाचून ‘ध’ आणू नये. बाराखडी ओळीने घोकविण्यापेक्षा एक-एक स्वरचिन्ह घेऊन त्याचे खरे शब्द बनवावेत. पहिली वेलांटी शिकविताना ‘लिहिताना आधी, बोलताना नंतर’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. इतर मुलांस न सांगता कळते, यास सांगावे लागते. जोडाक्षरांसाठी पुठ्ठ्याचे तुकडे करून अर्धा ‘स’ व पुरा ‘त’ जुळवून दाखविणे फार उपयोगी पडते. एकच छोटा उतारा चार दिवस पुन्हा पुन्हा वाचून घेतल्यास गती वाढते, आणि वाढलेली गती त्या मुलास स्वतःला जाणवते.

चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहावयास लावण्याची शिक्षा आता तरी सोडून द्यावी. मूल तो शब्द पन्नास वेळा चुकीचा लिहिते, किंवा एकेक अक्षराचे उभे रकाने भरून मोकळे होते. पूर्वसूचना न देता वर्गासमोर मोठ्याने वाचावयास उभे करणेही टाळावे. वाचावयाचाच असेल तर उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवावा. परिसर अभ्यास किंवा गणित यांतील त्याचे ज्ञान तोंडी विचारून घ्यावे. गणिताचे उदाहरण वाचता न आल्याने चुकले की गणित न आल्याने, हे त्याशिवाय कळत नाही. थोर शास्त्रज्ञांनाही डिस्लेक्सिया होता, असे सांगून मुलास धीर देण्याचा प्रघात आहे. त्यांतील कित्येक नावांस भक्कम पुरावा नाही. मुलास त्याची गरजही नसते. काल न आलेला शब्द आज आला, हे त्यास दाखवून दिले तरी ते पुरेसे असते.

गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांस अशा मुलांची यादी केंद्रप्रमुखांमार्फत पाठवावी. जिल्हा स्तरावरील तपासणी व प्रमाणपत्र यांस वेळ लागतो, पालकांची मजुरी बुडते, एक-दोन खेपा वाया जातात. तोपर्यंत वर्गातील मदत थांबविण्याचे काही कारण नाही. अक्षरे शिकविण्यास प्रमाणपत्र लागत नाही. पालकांना बोलवावे ते मुलाची तक्रार सांगण्यासाठी असू नये. मुलाला काय चांगले येते तेथून बोलण्यास आरंभ करावा आणि घरी मारहाण होऊ नये एवढे तरी त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

शेवटी एक कार्यालयीन वाटणारी, परंतु महत्त्वाची गोष्ट. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांच्या बदल्या होतात. एका शिक्षकाने दोन वर्षे निरीक्षण करून जे ओळखले ते त्याच्याबरोबरच निघून जाते, आणि नव्या शिक्षकाच्या पुढे तोच मुलगा पुन्हा ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ या शेऱ्यासह येऊन उभा राहतो. यास्तव शंका असलेल्या प्रत्येक मुलासाठी एक लहान वही ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याने एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते तारखेसह लिहावे, श्रुतलेखनाचे एक पान त्यात जसेच्या तसे चिकटवावे, घरची बोली, गैरहजेरीचे महिने, डोळे व कान तपासल्याची तारीख, काय शिकविले व कशाचा उपयोग झाला याच्या दोन ओळी लिहाव्यात. बदलीचा आदेश येताच कार्यभार सोपविताना इतर दप्तराबरोबर ही वहीही नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी, आणि मूल दुसऱ्या शाळेत गेल्यास शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ती पाठवावी.